शंकास्पद, संशयित आणि चांदीपुरा

2024 च्या जुलैत सिल्वासात एकच बातमी तीन भाषांतून येत होती. उत्तर गुजरातेत, साबरकांठा जिल्ह्याकडे, लहान मुलं तापाने आणि आकडीने दगावत होती. गुजराती वाहिन्या म्हणत ‘शंकास्पद केस’, मराठीत ‘संशयित रुग्ण’, आणि हिंदीत थेट ‘जानलेवा वायरस’. गुजरातीतल्या ‘शंकास्पद’चा अर्थ नुसता संशयित, मराठी कानाला मात्र त्यात काहीतरी काळंबेरं असल्याचा वास येतो. साबरकांठा इथून चारशेहून अधिक किलोमीटरवर, पण सिल्वासा ज्यात येतं ती दादरा नगर हवेली गुजरातला लागून असल्याने बातमी शेजारच्या वापीपर्यंत आल्यासारखीच वाटते.

पहिला गैरसमज नावापासून. हा चांदीपुरा विषाणू गुजरातचा नाही आणि नवाही नाही. चांदीपुरा हे नागपूरकडचं गाव. तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या प्रयोगशाळेला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला, तो 1965 साली सापडला. 2003 मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात त्याने हाहाकार उडवला; एकट्या आंध्रात नोंदलेल्या 329 मुलांपैकी 183 गेली.

खरा घोळ होतो तो आकड्यांत. जागतिक आरोग्य संघटनेने 23 ऑगस्ट 2024 ला दिलेली माहिती अशी: 1 जून ते 15 ऑगस्टदरम्यान देशात तीव्र मेंदूज्वराचे 245 रुग्ण, 82 मृत्यू; या 245 पैकी चांदीपुरा निश्चित झालेले रुग्ण 64. म्हणजे 82 मृत्यू सगळे चांदीपुराचेच, असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. मेंदूज्वर हे लक्षणांच्या गटाचं नाव; त्यामागे जपानी मेंदूज्वर असू शकतो, दुसरा एखादा विषाणू असू शकतो, किंवा कारण कळतच नाही. बातमीच्या मथळ्यात मात्र 245 ला थेट ‘चांदीपुरा’ची चिठ्ठी लागते. आकडा वाचताना तो संशयितांचा की निश्चितांचा, आणि कोणत्या तारखेपर्यंतचा, एवढं पाहिलं तरी निम्मी घबराट ओसरते.

‘कोरोनासारखा शिंकेतून पसरतो’ हेही खरं नाही. तो पसरवते वाळूमाशी. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या तोंडी सँडफ्लाय. दोन-तीन मिलिमीटरची, केसाळ, डासासारखं न गुणगुणता चावणारी. डेंग्यूने सगळ्यांना टायर आणि कुंड्या उपड्या करायची सवय लावली, ती चांगलीच. पण ही माशी साचलेल्या पाण्यात वाढत नाही. तिला हवी ओलसर माती, शेण, पालापाचोळा. पाड्यावरची कुडाची भिंत जवळून पाहावी: कारवीच्या काठ्यांवर माती-शेणाचा लेप, पावसात त्याला गेलेल्या बोटभर भेगा, पायाशी ओल, पलीकडे लगेच गोठा. दिवसा माशी त्या भेगांत बसते, अंधार पडला की बाहेर येते. फुटक्या गिलाव्याचं पक्कं घरही तिला चालतं. म्हणून भेगा लिंपणं, शेणाचा ढीग घरापासून लांब नेणं आणि भिंतींवर कीटकनाशक मारणं यांचा उपयोग होतो. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ती आत शिरू शकते; औषध लावलेली मच्छरदाणी बरी.

सगळ्यात घातक समज वेगळाच. ‘यावर औषध नाही, लस नाही, मग दवाखान्यात जाऊन करायचं काय?’ विषाणूवर नेमकं औषध नाही, हे खरं. पण मूल जातं ते आकडी न थांबल्याने, मेंदूला सूज आल्याने, आणि त्यावर उपचार आहेत. फक्त वेळ कमी असतो. हा आजार बहुतेक पंधरा वर्षांखालच्या मुलांना गाठतो. अचानक चढलेला ताप, उलट्या, आकडी, मग गुंगी, आणि कधीकधी एक-दोन दिवसांत सगळं संपतं. पावसाळ्यात घरोघरी मुलं तापतात, त्यातल्या प्रत्येकाला चांदीपुरा नसतो. पण तापात मूल झटके देऊ लागलं, हाक मारून ओळख देईना, तर ‘सकाळी बघू’ नको. भगताचा अंगारा लावायचा असेल तर 108 ची गाडी येईपर्यंत लावावा.

डॉक्टर आधी विचारतात ते ताप किती वाजता चढला आणि आकडी किती वेळ टिकली. घरात कुणी घड्याळ पाहिलेलं असलं तर बरं. तपासणीचा अहवाल यायला वेळ लागतो. 2024 मध्येही साबरकांठ्यातले पहिले नमुने पुण्यालाच पाठवावे लागले होते. उपचार त्या कागदाची वाट न पाहता सुरू होतात.