चित्रांची नावे आणि पाऱ्याची मर्यादा

जपानमधल्या मिनामाटाची पाऱ्याची विषबाधा वाचकांना नव्याने सांगायला नको. आईला फारसा त्रास नाही आणि मूल मात्र गंभीर व्यंग घेऊन जन्माला येते, हे तिथे दिसले, तेव्हा वार पाऱ्याला अडवत नाही हे उघड झाले. मग वरवर धडधाकट जन्मलेल्या मुलाचे काय? १९७२ मध्ये जोन स्पायकर आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये यावर छोटासा निबंध छापला. गर्भारपणी मिथिल पारा दिलेल्या उंदरांची पिल्ले नीट वाढताना दिसत होती. महिन्याभराची झाल्यावर त्यांना पाण्यात सोडले, तेव्हा त्यांच्या पोहण्यातला फरक कळला. इजा आधीपासूनच होती, ती दाखवणारी परीक्षा तेवढी उशिरा घेतली गेली. वर्तनचाचण्यांचे सारे महत्त्व इथे आहे, आणि सारी अडचणही. ‘काही आढळले नाही’ हे वाक्य कोणत्या परीक्षेत आणि कोणत्या वयात, हे सांगितल्याशिवाय अर्धेच राहते.

त्या अर्ध्या वाक्यावरून दोन बेटसमूहांत मोठा वाद पेटला. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर फिलिप ग्रँजाँ आणि पाल वाइहे यांनी १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या १,०२२ बाळांच्या नाळेतल्या रक्तातला पारा मोजला. तिथे पारा मुख्यतः पायलट व्हेलच्या मांसातून येत होता. सातव्या वर्षी ९१७ मुलांची तपासणी झाली आणि भाषा, अवधान व स्मरण यांत पाऱ्याबरोबर घसरण दिसली. हिंदी महासागरातल्या सेशेल्समध्ये रोचेस्टर विद्यापीठाच्या गटाने सातशेहून अधिक मुले पाहिली. तिथल्या मातांच्या केसांत पारा फॅरोपेक्षा जास्तच होता, तरी साडेपाच वर्षांच्या वयात अपाय आढळला नाही. पहिला खुलासा परीक्षेकडे बोट दाखवणारा होता. सेशेल्समध्ये एकंदर विकास मोजला होता, तर फॅरोमध्ये बोटांनी वेगाने टकटक करणे, चित्रातल्या वस्तूचे नाव सांगणे अशी एकेक क्षमता वेगळी काढली होती. एकूण गुणांच्या बेरजेत एका विषयातली घट सहज बुडते.

हा खुलासा पुरेसा नाही, हे मान्य केले पाहिजे. नवव्या वर्षी सेशेल्सच्या मुलांनाही टकटक आणि चित्रांची चाचणी दिली गेली. तरी एकवीस निकषांपैकी एकातच अपाय दिसला आणि एकात तर उलट फायदा. म्हणून आक्षेपक म्हणतात, दोष व्हेलचा. त्याच्या चरबीतल्या पीसीबी रसायनांचा. पण पीसीबीचा हिशेब वेगळा काढूनही फॅरोतला पाऱ्याचा परिणाम पुसला गेला नाही. शिवाय न्यूझीलंडमध्ये व्हेल नव्हता, मासेच होते, आणि तिथे सहा-सात वर्षांच्या मुलांच्या नेहमीच्या बुद्धिचाचण्यांतही पाऱ्याची खूण उमटली. सेशेल्सचे कोडे बहुधा माशांतच आहे. ज्या ताटातून पारा येतो, त्याच ताटातून मेंदूला हवी असलेली स्निग्धाम्लेही येतात. पाऱ्याचे नुकसान आणि माशाचा लाभ एकाच मुलात एकमेकांना झाकतात. झाकलेले नुकसान म्हणजे नसलेले नुकसान नव्हे.

२००० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने फॅरोच्या अभ्यासाला प्रमाण मानले आणि आधार म्हणून तिथली चित्रांची नावे सांगण्याची चाचणी निवडली. तिच्यावरून नाळेच्या रक्तात लिटरमागे ५८ मायक्रोग्रॅम हा आकडा निघाला. माणसामाणसांतला फरक आणि माहितीतल्या उणिवा यांसाठी किमान दसपट सावधगिरी धरल्यावर रोज शरीराच्या किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम ही मर्यादा समर्थनीय ठरली. मुलांना चित्रे दाखवून देशाचे मानक ठरवावे, हे काहींना हास्यास्पद वाटते. एका मुलाच्या बाबतीत त्या चाचणीवरून निदान करता येत नाही, हे खरेच. पण मर्यादा एका मुलासाठी ठरवायची नसते. आणि दोन्ही बेटांचे निकाल एकत्र वाचले तर त्यांतून निघणारा सल्ला परस्परविरोधी नाही. गर्भवतीने मासे खावेत, पण कमी पाऱ्याचे. फॅरोच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी १९९८ मध्येच गर्भवतींना व्हेलचे मांस टाळायला सांगितले. सेशेल्समध्ये मासे सोडायचे कारण कुणालाच सापडले नाही.