जनावरांच्या वागण्यावरून पावसाचा अंदाज: कशासाठी वापरावा, कशासाठी नाही

रोहिणी सरत आल्या की गावोगावी तीच चर्चा सुरू होते. शेळ्या चरायला निघत नाहीत, वासरे शेपटी वर करून उधळतात, कोंबड्या धुळीत लोळतात; म्हणजे पाऊस आलाच! जाणती माणसे असे सांगतात ते अगदीच निराधार नसते. अडचण येते ती या लक्षणांवर भरवसा ठेवून पाभर शेतात नेल्यावर.

वळवाच्या पावसापूर्वी हवेत बदल होतात. वारा पडतो, दमटपणा वाढतो. मग वादळी ढगाखालून गार वाऱ्याचा झोत पुढे सुटतो आणि दूरवर भिजलेल्या मातीचा वास घेऊन येतो. जनावरांचे नाक आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते, त्यामुळे त्यांना हे थोडे आधी जाणवू शकते. शेळीला भिजणे मुळीच आवडत नाही, म्हणून ती आडोसा धरते. मेंढपाळ कळपाच्या या हालचालीकडे लक्ष ठेवतात ते उगाच नाही. पण ही सूचना फार तर काही तासांची असते.

बाकीची लक्षणे नीट पाहिली तर त्यांचा पावसाशी संबंध आडवळणाने येतो. वासरे उधळतात ती बहुधा माश्यांमुळे. कोंदट हवेत माश्या आणि डासांचा त्रास वाढतो, चावा चुकवण्यासाठी जनावर पळते. पुढे पाऊस पडेलच असे नाही. कोंबड्या धुळीत लोळतात त्या पिसे साफ ठेवण्यासाठी व अंगावरचे परजीवी झटकण्यासाठी, आणि हे त्या कोरड्या दिवसातही करतात. गाई खाली बसल्या की पाऊस, असेही म्हणतात. निरोगी दुभती गाय दिवसातून साधारण १० ते १२ तास बसूनच असते. उन्हाच्या तडाख्यात अंगाला वारा लागावा म्हणून ती जास्त वेळ उभी राहते. ढग येऊन गारवा पडला की बसते. म्हणजे हवा आधी बदललेली असते, गाय नंतर बसते.

इथे एक धोका पशुपालकांनी विशेष लक्षात घ्यावा. जनावर सुस्त आहे, बसून आहे, वैरण खात नाही, तर ‘पावसाची हवा आहे’ म्हणून सोडून देऊ नये. पावसाळ्याच्या दिवसात तिवा येतो, त्यात एकदम ताप चढतो, जनावर लंगडते, बसते. घटसर्पात तर ताप, घशाला सूज आणि घरघर सुरू झाल्यावर उपचाराला फार थोडा वेळ मिळतो. रवंथ बंद असेल किंवा अंग गरम लागत असेल, तर ताबडतोब पशुवैद्यकाला बोलवावे. घटसर्प व फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी.

आता पेरणीचे. आज संध्याकाळी सरी येतील का, हे कदाचित शेळीला कळेल. त्यानंतर पंधरा दिवस पावसाचा खंड पडेल का, हे कळण्याचा तिच्याकडे काहीच मार्ग नाही, आणि दुबार पेरणी ओढवते ती या खंडामुळे. बियाणे, खत, मजुरी सगळे दुसऱ्यांदा. म्हणून सोयाबीन, कापसासारख्या कोरडवाहू खरीप पिकांसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत वीतभर ओल गेल्याशिवाय पेरणी करू नये. ओल कुदळीने खणून पाहावी, वरची काळी ढेकळे फसवतात.

पंचांगातील नक्षत्रांची वाहने हा वेगळाच विषय. बेडूक, म्हैस, हत्ती असले की भरपूर पाऊस, असे मानतात. पण हे वाहन गणिताने काढलेले असते, त्यात कोणत्याही प्राण्याचे निरीक्षण नाही. शिवाय मृगाचे वाहन कोकणाला जे, तेच माणदेशालाही!

आपल्या गावातील लक्षण किती खरे ठरते, हे तपासणे सोपे आहे. वहीत तीन रकाने करावेत: तारीख, लक्षण, पुढच्या २४ तासांत पाऊस पडला की नाही. लक्षण दिसूनही कोरडे गेलेले दिवस आणि लक्षण न दिसता पाऊस आलेले दिवसही न चुकता लिहावेत, कारण नेमके तेच आपण विसरतो. कृषी सहायकांनी शेतीशाळेत हा प्रयोग जरूर घ्यावा. ज्येष्ठ शेतकऱ्यांचा मान राहतो आणि वाद वहीच मिटवते.

शेळ्या आडोशाला पळाल्या, तर उघड्यावरचा कडबा झाकावा, फवारणी थांबवावी. पुढील पाच दिवसांसाठी ‘मेघदूत’ ॲप पाहावे, विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’. गडगडाट ऐकू येताच जनावरे झाडाखालून आणि तारेच्या कुंपणापासून दूर न्यावीत; आडोसा म्हणून जनावरे नेमकी झाडाखालीच गोळा होतात आणि वीज पडून एकदम पाच-सहा दगावतात.