हत्तीला मागे टाकणारे मॉस

आफ्रिकन हत्तीचा नर सहा टनांपर्यंत भरतो. फिस्कोमिट्रियम पेटन्स नावाचे मॉस जेमतेम काही मिलिमीटर वाढते. कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला फ्युनारिया पाहिलेले अनेक जण असतील. हे त्याच्याच कुळातले. पण जनुके मोजायला बसलो की हत्ती मागे पडतो. प्रथिने घडवणारी जनुके त्याच्याकडे सुमारे २० हजार, तर या मॉसकडे सुमारे ३३ हजार! तीही हत्तीच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढ्या डीएनएमध्ये.

याचे एक कारण इतिहासात आहे. या मॉसच्या पूर्वजांमध्ये संपूर्ण जनुकसंच दोनदा दुप्पट झाला आणि जास्तीच्या काही प्रती टिकून राहिल्या. शिवाय ऊन, दुष्काळ, बुरशी यांपासून मॉसला पळता येत नाही. जागच्या जागी रसायने तयार करूनच त्यांना तोंड द्यावे लागते, आणि ती घडवायला जनुके लागतात.

हॅरोल्ड व्हाइटहाउस यांनी १९६२ मध्ये इंग्लंडच्या ग्रॅन्सडेन वूडमधून आणलेल्या मॉसचा वंश आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतो. २००८ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला. संशोधकांना ते आवडते याचे कारण साधे आहे. हत्तीच्या पेशीत गुणसूत्रांच्या २८ जोड्या असतात. मॉसच्या हिरव्या रोपात मात्र गुणसूत्रे एकेकटी. त्यामुळे एखादे जनुक बंद केले की ते झाकायला जोडीदार प्रत नसते, परिणाम लगेच दिसतो. रोप चक्क मिक्सरमध्ये फिरवले तरी तुकड्यांतून नवी रोपे उगवतात. हत्तीला एका पिलासाठी २२ महिने लागतात.

मग हत्तीचे वेगळेपण कशात? पेशी जितक्या जास्त, तितका कर्करोगाचा धोका जास्त असायला हवा, पण हत्ती कर्करोगाने क्वचितच मरतात. बिघडलेल्या पेशीला थांबवणारे किंवा मारणारे ‘पी-५३’ प्रथिन घडवणाऱ्या जनुकाच्या हत्तीकडे सुमारे २० प्रती असल्याचे २०१५ मध्ये पुढे आले. माणसाकडे ते जनुक एकच. अर्थात हत्तीच्या त्या साऱ्या प्रती खरोखर कामाच्या आहेत का, यावर अजून एकमत नाही.

मॉसकडे हे जनुक नाहीच. त्याची जवळपास प्रत्येक पेशी भिंतीत बंदिस्त असते. ती बिघडली तरी रक्तातून दुसऱ्या अवयवात जाऊन पसरू शकत नाही.