गच्चीवरचं ऊन आणि विजेचं बिल

मंडळी, भारतातल्या घरावर 'सोलर' बसवायचं का, हा विषय आई-बाबांच्या फोनवर हल्ली हमखास निघतो. आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले, म्हणून आधी आकडे मांडले.

100 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 4 युनिट वीज लागते. सौर बंब हे काम गच्चीवरच्या साधारण 2 चौरस मीटर जागेत करतो. 1 किलोवॉटचे वीज पॅनेलही महाराष्ट्रात दिवसाला सरासरी 4 युनिटच देतात, पण जागा 8 ते 10 चौरस मीटर धरावी लागते. म्हणजे गिझर विजेचा आणि गच्ची लहान असेल, तर आधी बंब. पावसाळ्यात मात्र गिझर लागणारच.

पॅनेलची जास्तीची वीज नेट मीटरमधून ग्रिडला जाते आणि बिलात वळती होते. 2024 मध्ये आलेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत 1 किलोवॉटला 30,000, दोनला 60,000, तीन व त्यापुढे 78,000 रुपये अनुदान ठरलं. पण मोठ्या अनुदानाला भुलू नका! 3 किलोवॉट महिन्याला साधारण 350 युनिट देतात. घरात दोघंच असले आणि 100 युनिटही जळत नसले, तर बिलापेक्षा जास्त बचत होणार कशी?

तेव्हा आधी वर्षभराची बिलं मागवा. पॅनेल धुवायला शिडीवर कोण चढणार, तेही विचारा, बाबांनी नको! आणि वाचलेल्या पैशांतले थोडे मंडळाच्या मदतनिधीत आले, तर दुधात साखर.