क्षयाची गोळी आणि घरचे पातेले

क्षयाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण पोटात अन्न नसेल तर गोळी एकटी किती झुंजणार? कामगारवस्त्यांत वावरणाऱ्या आम्हांला हा प्रश्न नेहमीच पडतो. झारखंडातील चार जिल्ह्यांत २०१९ पासून काही क्षयरोग्यांबरोबर त्यांच्या घरच्यांनाही शिधा देऊन पाहिला : दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. शिधा रोग्यापुरताच मिळाला त्या घरांहून या घरांत क्षयाचे नवे रोगी ३९ टक्क्यांनी कमी निघाले, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. कारण उघड आहे. शरीरात दबून राहिलेले जंतू उपासाने खंगलेल्या देहात लवकर डोके वर काढतात. तेव्हा शिधा ही दया नव्हे, उपचारच होय. आणि तो मागताना सबंध घराच्या पातेल्याचे माप मागितले पाहिजे.