पाडव्याला बाजार बंद राहिला तेव्हा

बीडच्या सुभाष रोडवर पाडव्याला किती गर्दी असते, हे वाचक मंडळींना सांगायला नको. २०२० सालचा पाडवा २५ मार्चला आला आणि नेमकी त्याच दिवशी कोरोनाच्या साथीपायी देशभर टाळेबंदी सुरू झाली. किराणा, दूध, औषधे तेवढी चालू. बाकी सगळ्यांना कुलूप.

“शहरातल्या शेटजीचं दुकान बंद पडलं, आपल्याला काय त्याचं?” असे तेव्हा पारावर बरेच जण म्हणत. मला ते पटत नव्हते. कापड, भांडी, चपला, सोने-चांदी यांची दुकाने आपल्या जिल्ह्यात चालतात ती खेड्यांच्या जिवावर. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या पाडव्याच्या आगेमागे घरी येतात, लग्ने निघतात, बस्ते बांधले जातात. त्या वर्षी हजारो तोडकरी कारखान्यांवरच अडकले; एप्रिलच्या मध्यानंतर त्यांना परतायची परवानगी मिळाली. २६ एप्रिलची अक्षय तृतीया तशीच गेली. मे महिन्यात लग्नाला मुभा मिळाली, पण माणसे पन्नास. पन्नास माणसांच्या लग्नाला बस्ता तो कितीसा लागणार?

बी-बियाणे, खते व औषधांच्या दुकानांना २७ मार्चलाच सूट मिळाली. अवजारे व सुट्या भागांच्या दुकानांना मात्र एप्रिल उजाडावा लागला. बियाणे मिळते पण ट्रॅक्टरचे बेअरिंग मिळत नाही, अशी आठवडाभर गंमत होती. ज्याचे नांगरट करता करता यंत्र बसले, त्याला ती गंमत वाटली नसेल!

खरी ओढाताण उधारीची झाली. कापड दुकानदाराने लग्नसराईचा माल ठोक व्यापाऱ्याकडून उधारीवर भरून ठेवलेला असतो. माल फडताळात पडून, भाडे चालू, व्यापाऱ्याचा तगादा सुरू. मग दुकानदाराने जुनी खातेवही उघडली व गावोगाव फोन केले. हे फोन आले मृगाच्या तोंडावर, म्हणजे आपण स्वतःच खतासाठी उसनवारी शोधत होतो तेव्हा. माझ्या फिरतीतल्या एका शेतकऱ्याने थोरल्या मुलीच्या बस्त्याची बाकी भागवण्यासाठी पेरणीपूर्वीच शेळ्या विकल्या. आठवडी बाजार बंद, म्हणून गावातच मिळेल त्या भावाने दिल्या. दुकानदारावर रागावून उपयोग नव्हता, त्याचीही गळचेपीच होती.

हातगाडीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये केंद्राने दहा हजारांच्या कर्जाची स्वनिधी योजना काढली. बीडमध्ये केळी-भाजीची गाडी लावणारी आपल्या खेड्यातली पोरे थोडीथोडकी नाहीत. गाडी तिथे आणि कागदपत्रे गावी, म्हणून काहींचे हेलपाटे झाले.

२०२१ साली २६ मार्चपासून जिल्ह्यात पुन्हा टाळेबंदी लागली आणि ५ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यभर कडक निर्बंध आले. पाडवा १३ एप्रिलला होता. म्हणजे लागोपाठ दुसरा पाडवाही बंद दारांचा. त्यानंतर माझ्या ओळखीच्या एका कापड दुकानात नवा रिवाज पडला: बस्त्याची निम्मी रक्कम आधी मोजायची, मगच गठ्ठा सोडायचा. वडिलांच्या काळापासूनची गिऱ्हाइके असली तरी.