गाडी आली तेव्हा : यंत्राने कोणते काम घ्यावे आणि ते कोणी ठरवावे?

माणसाचे काम यंत्राकडे जाऊ द्यावे का, हा प्रश्न आज पुन्हा चर्चेत आला आहे, कारण या वेळी लिहिणारे, भाषांतर करणारे आणि हिशेब ठेवणारे धास्तावले आहेत. पुणे शहरात हाच प्रश्न तीस-पस्तीस वर्षांपूर्वी उभा राहिला होता. तो उभा करणाऱ्या स्त्रिया कचरा वेचून पोट भरत होत्या. त्यांनी त्यातून काढलेली वाट आज आपल्यालाही उपयोगी पडावी, म्हणून ती इथे सविस्तर मांडतो.

आधी या प्रश्नाची जुनी बैठक पाहू. महात्मा गांधींनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज्य’मध्ये यंत्रसंस्कृतीवर कठोर टीका केली, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढे १९२४ मध्ये त्यांनी केलेला खुलासा मात्र कमी आठवला जातो. आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या हव्यासाला आहे, असे ते म्हणाले आणि शिवणयंत्राला त्यांनी अपवाद मानले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींविषयीच्या ग्रंथात याचा प्रतिवाद केला. जनावरासारखे राबणाऱ्या माणसाला फुरसत मिळाल्याशिवाय संस्कृती मिळत नाही आणि ती फुरसत यंत्रच देऊ शकते, हा त्यांचा मुद्दा होता. यंत्राचे फायदे मूठभरांकडे जात असतील, तर दोष समाजरचनेचा आहे. ती बदलावी, यंत्राला शिव्या देऊ नयेत. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांपैकी बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. अनेकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास शहरात आली. त्यामुळे हा वाद त्यांच्यापुरता रोजच्या भाकरीचा होता.

गाडी येते

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्यांनी या स्त्रियांबरोबर काम सुरू केले. कचराकुंडीत उतरून वेचण्याऐवजी घरोघरी वेगळा केलेला सुका कचरा थेट हातात मिळाला, तर कमाई वाढते आणि घाणीशी संबंध कमी होतो, हे काही वस्त्यांमध्ये दिसून आले. लवकरच एका उद्योजकाने त्याच भागात मोटारगाडीने दारोदारचा कचरा गोळा करण्याची योजना पुढे आणली. गाडी नेणार होती तो कचराच या बायकांचा कच्चा माल होता. विरोध झाला, सभा झाल्या, आणि १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली.

पंचायतीने ‘गाडी नको’ एवढ्यावर लढा थांबवला नाही. आम्ही कामगार आहोत हे आधी मान्य करा, अशी मागणी केली. १९९० च्या दशकाच्या मध्यात पुणे महापालिकेच्या मान्यतेने वेचकांना ओळखपत्रे मिळाली. त्याआधी पोलिसांच्या लेखी ही बाई संशयित होती. २००० च्या केंद्रीय नियमांनी घरोघर कचरासंकलन सांगितल्यावर शहरापुढे दोन पर्याय होते : गाड्यांचा ठेका द्यायचा, किंवा जे लोक हे काम आधीपासून करत आहेत त्यांच्याकडेच ते सोपवायचे. पुण्याने २००८ मध्ये दुसरा पर्याय निवडला. वेचकांच्याच मालकीच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला. घरांनी दरमहा शुल्क द्यायचे, सुका माल विकण्याचा हक्क वेचकांचा आणि उरलेला कचरा महापालिकेच्या गाडीत, अशी ही रचना. आज तीन हजारांहून अधिक सभासद हे काम करतात.

म्हणजे गाडी राहिलीच. ढकलगाडी, संकलन वाहन, वर्गीकरणाची शेड हे सगळे त्यात आले. फक्त कामाची सुरुवात कोणी करायची आणि मालावर हक्क कोणाचा, हे गाडीच्या मालकाने ठरवले नाही.

एक यंत्र आणि दुसरे यंत्र

‘यंत्र’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, तिथे घोटाळा होतो. वर्गीकरणाच्या शेडमधला सरकता पट्टा घ्या. त्याच्यामुळे बाईला वाकून ढिगात हात घालावा लागत नाही, उभ्याने निवडता येते. निवड तिचीच राहते. प्लॅस्टिकचा तुकडा हातात चुरगाळून, त्याच्या आवाजावरून आणि ताणावरून तो कोणत्या जातीचा हे ओळखण्याचे कसब तिच्याकडे असते आणि पट्ट्यामुळे त्याची किंमत वाढते.

कचरा दाबून नेणारा ट्रक मात्र वेगळा. तो ओले-सुके एकत्र चिरडतो. पुठ्ठा भिजतो, काच फुटते, नंतर काहीच निवडता येत नाही. कचरा जाळून वीज करणाऱ्या प्रकल्पाची गोष्ट आणखी बोलकी आहे. आपल्याकडचा ओला कचरा पाण्याने जड असतो. तो नीट जळत नाही. भट्टीला उष्मांक हवा असतो आणि तो कागदात व प्लॅस्टिकमध्ये असतो. नेमक्या याच दोन वस्तूंवर वेचकांची चूल पेटते. २०१६ च्या नियमांनी पुनर्वापर न होणारा कचराच ऊर्जेसाठी वापरावा असे म्हटले आहे आणि वेचकांच्या संघटनांना व्यवस्थेत सामावून घेण्यासही सांगितले आहे. पण भट्टी एकदा उभी राहिली की तिला रोज खाद्य लागते. तेव्हा नियमातली ही रेघ कोण सांभाळणार?

यंत्र जिथे येत नाही

आता उलट बाजू पाहू. तुंबलेल्या गटारात माणसाने उतरणे हे यंत्राकडे द्यावे असे काम आहे, यावर दुमत नाही. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा नवा कायदा २०१३ मध्ये आला. गटारातील मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले; २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. शोषणयंत्रे आहेत, मॅनहोलमध्ये उतरणारा यंत्रमानवही केरळमधल्या तरुण अभियंत्यांनी बनवला आहे. तरीही माणसे उतरतात आणि गुदमरून मरतात. तिथे माणूस यंत्रापेक्षा स्वस्त पडतो, एवढेच त्याचे कारण.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की यंत्राची चाल दिसते. जिथे मालाला भाव आहे तिथे ते धावत येते. जिथे फक्त धोका आहे तिथे बोलावूनही येत नाही. कष्टांकडे पाहून ते आपली जागा निवडत नाही. म्हणून ही निवड बाजारावर सोडून चालत नाही, समाजाला ती करावी लागते.

ती करता येते, याचा दाखला पुण्याच्या हमालांनी दिला आहे. क्विंटलभराचे पोते पाठीवर घेणाऱ्या हमालांसाठी पन्नास किलोचे पोते मिळावे, म्हणून हमाल पंचायत वर्षानुवर्षे भांडली. ओझे निम्म्यावर आणायला यंत्र लागले नाही, नियम लागला. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालकाकडून मजुरीवर वेगळी आकारणी घेऊन भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस यांची सोय केली. एका मालकाकडे कायम नसलेल्या मजुरालाही उद्याची हमी देता येते, हे त्यातून सिद्ध झाले. यंत्रामुळे ज्यांचे काम जाईल त्यांच्यासाठी यंत्राच्या मालकाकडून अशीच आकारणी का घेऊ नये? हा विचार महाराष्ट्राला परका नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. कचरा वेचणे जपून ठेवण्यासारखे काम आहे का? नाही. त्या स्त्रियांनाही आपल्या मुलींनी शाळा-कॉलेज करून दुसरे काम करावे असे वाटते. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, ही त्यांची मोहीम याच भावनेतून आली. घाण हाताळण्याची हौस कोणालाच नसते. मात्र पुढच्या पिढीने हे काम सोडणे वेगळे आणि या पिढीच्या पन्नाशीतल्या बाईच्या हातून ते एका सकाळी काढून घेणे वेगळे. पहिल्यात आंबेडकरांची फुरसत आहे. दुसऱ्यात फक्त बेकारी आहे.

आपण वाचक यात प्रेक्षक नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘स्वच्छ’च्या बाईऐवजी ठेकेदाराची गाडी लावावी का, हा विषय कधी ना कधी येतोच, आणि दरमहाच्या काही रुपयांच्या फरकावर पाच मिनिटांत निकालात निघतो. त्या पाच मिनिटांत एवढे तरी विचारावे : गाडी कचऱ्याचे पुढे काय करणार, ती नेमके कोणते कष्ट कमी करणार, आणि आज दारात येणाऱ्या बाईला त्या गाडीवर काम मिळणार का. या प्रश्नांची उत्तरे घेऊन मगच हात वर करावा.